मालवणीत रॅप केलं तर ते रेडिओवर वाजेल का? समजून घ्या सगळं गणित

शिरोडा म्हटलं की लोकांना ठरावीक गोष्टी आठवतात. वेळागरचा किनारा, मिठागरं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह आणि वि. स. खांडेकर. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या या लेखकाने १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत शिकवलं. थोडक्यात काय, तर वेंगुर्ले तालुक्यातल्या या गावाला शब्दांचं वावडं कधीच नव्हतं.

आता समजा, याच गावातल्या कुणा विशीतल्या पोराने किंवा पोरीने मोबाईलवर बीट लावलं आणि मालवणीत रॅप लिहिलं. विषय घरचेच. गावातली बंद घरं, मुंबईला गेलेली भावंडं, किनाऱ्यावरच्या जमिनींचे व्यवहार. मित्रांनी ऐकलं, स्टेटसला ठेवलं, युट्यूबवर टाकलं. पुढे काय?

पुढे सल्ले सुरू होतात. "हिंदीत कर, मालवणी कोण ऐकणार?" दुसरा म्हणतो, "रेडिओवर वाजलं पाहिजे, मगच नाव होतं." तिसरा म्हणतो, "रेडिओ संपला, रील कर."

तिघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य आहे. म्हणूनच एकेक मुद्दा नीट बघायला हवा. कारण प्रश्न फक्त एका गाण्याचा नाही. नवी पिढी ज्या बोलीत भांडते, हसते, शिव्या देते, त्या बोलीत ती गाणी लिहिणार की नाही, हे यावर ठरतं.

शिरोड्यात रेडिओ लावला तर काय लागतं?

आधी मूळ अडचण बघू. आपल्याकडे पहिलं खासगी एफएम २००१ साली बंगळुरूमध्ये सुरू झालं. त्यानंतर सरकारने टप्प्याटप्प्याने शहरांचे लिलाव केले. तिसऱ्या टप्प्यात साधारण एक लाखापेक्षा जास्त लोकसंख्येची शहरं धरली गेली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांसाठी ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली.

यात सिंधुदुर्ग कुठे बसतो? २०११ च्या जनगणनेनुसार अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ४९ हजारांच्या आसपास. सावंतवाडी, मालवण, कणकवली, वेंगुर्ला, यातलं एकही शहर एक लाखाच्या जवळपासही नाही. म्हणजे लोक आहेत, पण वाड्यावाड्यांत विखुरलेले. खासगी रेडिओचं दुकान जाहिरातींवर चालतं आणि जाहिरात देणारा गर्दीचं शहर शोधतो. त्यामुळे मालवणी बोलणाऱ्यांच्या जिल्ह्यावर खासगी एफएमची नजर जातच नाही.

राहिलं कोण? एक म्हणजे आकाशवाणी. कोकणासाठी रत्नागिरी केंद्र आहे, आणि शिरोड्यापासून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर असल्याने पणजीचं केंद्रही जवळचंच. दुसरं म्हणजे आजूबाजूच्या मोठ्या शहरांतली खासगी स्टेशनं. गोव्यात आहेत, कोल्हापुरात टोमॅटो एफएमसारखं स्थानिक स्टेशन आहे आणि मुंबई-पुण्यात तर रांगच आहे. तिसरं म्हणजे कम्युनिटी रेडिओ.

या तिन्ही ठिकाणी गाणं निवडायची पद्धत वेगळी आहे. तिन्हीकडे एकच लिंक आणि "सर प्लीज प्ले माय साँग" पाठवून चालत नाही.

खासगी एफएमवर गाणं कोण ठरवतं?

बऱ्याच जणांना वाटतं की आरजेला पटलं की गाणं वाजतं. तसं नसतं. बहुतेक खासगी स्टेशनांवर गाण्यांची यादी म्युझिक मॅनेजर आणि प्रोग्रॅमिंग हेड ठरवतात. कंपनीची बरीच स्टेशनं असतील तर त्यातला मोठा हिस्सा मुख्य कार्यालयातून येतो. कुठलं गाणं दिवसातून किती वेळा आणि कुठल्या वेळेला वाजेल, हे सॉफ्टवेअर लावून देतं. आरजे त्या यादीच्या मध्ये बोलतो.

यादी ठरवताना एकच भीती असते: श्रोत्याने स्टेशन बदललं तर? म्हणून गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा लोकांना ऐकवून विचारलं जातं, ओळखीचं वाटतं का, आवडतं का, कंटाळा आला का. यात ओळखीचं गाणं जिंकतं. नवं गाणं हरतं. आणि अनोळखी बोलीतलं नवं गाणं तर स्पर्धेत उतरतच नाही.

त्यात श्रोते मोजायचा प्रश्न. रेडिओचे श्रोते मोजणारी 'रॅम' ही पद्धत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळुरू या चार महानगरांपुरतीच होती. कोकणातल्या गाडीत, रिक्षात, हॉटेलात कुणी काय ऐकतं, याची त्यात नोंदच नाही. ज्याची नोंद नाही, त्याचा जाहिरातदाराकडे भाव नाही.

त्यामुळे खासगी एफएमचा नियम सरळ आहे. ते सहसा गाणं मोठं करत नाहीत, मोठं झालेलं गाणं घेतात. हे कळलं की निम्मी निराशा कमी होते.

रेडिओ आधीपासूनच उशिरा येतो

हे आजचं नाही. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि देश तिच्यामागे वेडा झाला. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

हार्मोनियमचंही तेच. १९४० पासून पुढे तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पण त्या काळात कोकणातल्या एकाही देवळातलं भजन पेटीवाचून थांबलं नाही.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा आनंद शिंदेंच्या 'पोपट'ने महाराष्ट्र गाजवला. ते गाणं पोचवलं लग्नाच्या मांडवांनी, एसटी स्टँडवरच्या टपऱ्यांनी आणि ट्रक ड्रायव्हरांनी.

रॅपचा जन्मच असा झाला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने बहिणीसाठी पार्टी ठेवली, तो हिपहॉपचा वाढदिवस मानतात. पण रेडिओला तिकडे बघायला कित्येक वर्षं लागली. लंडनमध्ये तर पोरांनी इमारतींच्या गच्च्यांवर अँटेना लावून बेकायदा स्टेशनं चालवली. १९९४ ला असं सुरू झालेलं रिन्स एफएम २०१० मध्ये रीतसर कम्युनिटी परवाना घेऊन कायदेशीर झालं. तिथल्या रॅपर्सनी अमेरिकन उच्चारांची नक्कल सोडून आपल्या गल्लीतली बोली वापरली आणि 'ग्राइम' नावाचा नवा प्रकार उभा राहिला.

फ्रान्सने तिसराच रस्ता काढला. १९९४ च्या कायद्याने तिथल्या खासगी रेडिओंना १९९६ पासून ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली वाजवणं बंधनकारक झालं. त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीची हवी, अशीही अट होती. स्टेशनांना तरुण श्रोते हवे होते आणि गाणी फ्रेंच हवी होती. दोन्ही एकत्र देणारा माल कुणाकडे होता? फ्रेंच रॅपर्सकडे. आज फ्रेंच रॅप जगातल्या मोठ्या रॅप बाजारांपैकी एक आहे, त्यामागे हे एक महत्त्वाचं कारण मानलं जातं.

आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणजे रेडिओ स्वतःहून येणार नाही. त्याला यावंसं वाटेल अशी परिस्थिती कलाकारालाच तयार करावी लागते.

बोलीमुळे अडतं का? आकडे नको, उदाहरणं बघा

"हिंदीत कर" या सल्ल्याचं उत्तर गेल्या काही वर्षांनी दिलंय.

२०१९ मध्ये 'गली बॉय' आला. त्यातल्या 'इंडिया ९१' या गाण्यात वेगवेगळ्या भाषांतले रॅपर्स एकत्र होते. त्यात अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे '१०० आरबीएच' होता आणि मराठीत रॅप करणारा एमसी मवालीही होता. हे दोघंही मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाशी जोडलेले. याच स्वदेसीने २०१९ मध्ये आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्हॉल्ट' केलं. विषय आरेच्या जंगलाचा. महादेव कोळी समाजातून आलेली माही जी म्हणजे मधुरा घाणे ही जंगल आणि पर्यावरणावर मराठीत रॅप करते. हे कुणीही चकाचक हिंदीत शिरून पुढे आलेलं नाही.

२०२२ मध्ये 'एमटीव्ही हसल'चा दुसरा सीझन कुणी जिंकला? हरियाणवी बोलीत रॅप करणाऱ्या एमसी स्क्वेअरने. २०२१ ला 'एन्जॉय एंजामी' हे तमिळ गाणं देशभर वाजलं. अरिवूने त्यात आपल्या आजीच्या, चहामळ्यातल्या मजुरांच्या आठवणी आणल्या होत्या. ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना शब्द कळत नव्हते.

आणि २०२४ हे वर्ष मराठीचं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' रील्सवरून देशभर गेलं. क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचं 'तांबडी चामडी' थेट नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केलं. ज्यांना मराठीचा गंध नाही, तेही त्यावर नाचले.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. कुणीच "सगळ्यांना कळेल असं" लिहायला गेलं नाही. बोली तीच ठेवली, पण एक जागा अशी ठेवली जी शब्द न कळताही तोंडात बसते.

मालवणीपुरतं बोलायचं तर हा धडा जुनाच आहे. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा अख्खं मालवणी नाटक मुंबईत चालेल यावर फार कुणाचा विश्वास नव्हता. सुरुवातीचे प्रयोग अडखळले. पु. ल. देशपांडेंनी नाटक बघून मनापासून दाद दिली, ती दाद लोकांपर्यंत पोचली आणि पुढे मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. नाटक लंडनलाही जाऊन आलं. २०१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'ने मालवणी घराघरातल्या टीव्हीवर नेली. दोन्ही वेळा बोलीत काही बदललं नव्हतं. ऐकवणारा माणूस आणि जागा बदलली होती.

मालवणीकडे रॅपसाठी काय आहे?

खरं तर बरंच काही.

पहिलं म्हणजे यमक. प्रमाण मराठीतला 'माझा घोडा' मालवणीत 'माझो घोडो' होतो. 'गेलो, इलो, आपलो, तुझो' असे 'ओ'ने संपणारे शब्द पावलापावलावर सापडतात. रॅपरला ओळीच्या शेवटी जे शोधावं लागतं, ते या बोलीत व्याकरणच देतं.

दुसरं म्हणजे गाऱ्हाणं. देवासमोर गावकर गाऱ्हाणं घालतो, त्याची एक लय असते आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक "व्हय महाराजा" म्हणतात. एकाने बोलायचं, गर्दीने उत्तर द्यायचं. स्टेजवरचा रॅपर प्रेक्षकांकडून हेच काढून घेण्यासाठी धडपडत असतो.

तिसरं म्हणजे दशावतार. नाटक रात्रभर चालतं, पण लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, पात्रं ठरतात आणि संवाद तिथल्या तिथे जुळवले जातात. यालाच रॅपमध्ये फ्रीस्टाइल म्हणतात.

आणि चौथं म्हणजे डबलबारी. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, एकाने टोला हाणायचा, दुसऱ्याने चालीत उत्तर द्यायचं. पखवाज तापलेला, पब्लिक पहाटेपर्यंत हलत नाही. रॅप बॅटल वेगळी काय असते?

यात एक काळजी घ्यायला हवी. गाऱ्हाणं ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि दशावतारी कंपन्यांचं पोट त्या कलेवर आहे. नुसता आवाज उचलून बीटमध्ये टाकण्यापेक्षा पखवाज वाजवणाऱ्यालाच स्टुडिओत बोलवावं, त्याला मानधन द्यावं, गाण्यात त्याचं नाव टाकावं. त्याने कायद्याची कटकटही टळते आणि गावात गाणं आपलं म्हणून ऐकलं जातं.

मग रेडिओचे दरवाजे कसे उघडायचे?

आकाशवाणीपासून सुरुवात करू. आकाशवाणीची कलाकार निवडायची पद्धत ऑडिशनची आहे. शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत अशा प्रकारांत ऑडिशन होते आणि कलाकाराला श्रेणी मिळते. ही चौकट १९५० च्या दशकातली, म्हणजे रॅपच्या जन्माच्या वीस वर्षं आधीची. त्यामुळे रॅपर थेट संगीताच्या खिडकीवर गेला तर त्याला कुठल्या रांगेत उभं करायचं हा प्रश्न येतो.

पण आकाशवाणीत बोलण्याच्या कार्यक्रमांची मोठी जागा आहे. तरुणांसाठीचा 'युववाणी' आहे, मुलाखती आहेत, बोलीभाषा आणि लोककलेवरचे कार्यक्रम आहेत. "माझं रॅप वाजवा" यापेक्षा "मालवणी बोलीत लिहिणाऱ्या तरुणांवर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम करता येईल, त्यात गाऱ्हाण्याची लय आणि रॅपची लय दोन्ही ऐकवता येतील" असा लेखी प्रस्ताव कार्यक्रम अधिकाऱ्याच्या जास्त कामाचा. त्याला रोजचे तास भरायचे असतात आणि स्थानिक विषय हवेच असतात. आणि आता आकाशवाणीच्या वाहिन्या मोबाईल अॅपवरही ऐकता येतात. त्यामुळे कार्यक्रम कोकणातला असला तरी लालबागच्या खोलीत किंवा दुबईच्या कॅम्पमध्ये बसलेला माणूसही तो लावू शकतो.

दुसरा दरवाजा कम्युनिटी रेडिओचा. २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ पासून सामाजिक संस्थांनाही हे परवाने खुले झाले. ताकद १०० वॉटपर्यंत, म्हणजे पंचक्रोशीचा रेडिओ. पण नियमच असा आहे की किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून बनलेला हवा आणि शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत हवा. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' अशीच चालते. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे. अशा स्टेशनांना बोलीतलं नवं गाणं म्हणजे अडचण नाही, गरज आहे. परवाना एकट्या माणसाला मिळत नाही, संस्थेला मिळतो. सिंधुदुर्गातल्या एखाद्या कॉलेजने किंवा संस्थेने मनावर घेतलं तर रस्ता मोकळा आहे. स्वतःच ट्रान्समीटर जोडायच्या भानगडीत मात्र पडू नये. बिहारच्या मन्सूरपूर गावात राघव महतोने दुरुस्तीच्या दुकानातून चालवलेला रेडिओ सगळ्या पंचक्रोशीला आवडायचा, पण परवाना नसल्याने २००६ मध्ये तो बंद करावा लागला.

तिसरा दरवाजा खासगी एफएमचा. इथे यादीत थेट घुसणं अवघड, पण यादीच्या बाहेरच्या जागा असतात. वीकेंडचा स्वतंत्र कलाकारांचा कार्यक्रम, आरजेची मुलाखत, सणाचा विशेष भाग. रेडिओ सिटीचे 'फ्रीडम अवॉर्ड्स' तर स्वतंत्र संगीतासाठीच आहेत. गणपतीच्या आधी मुंबईतलं प्रत्येक स्टेशन कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांवर काही ना काही करतं. त्या आठवड्यात कोकणचं नवं गाणं शोधणारा प्रोड्युसर असतो. गाणं त्याच्याकडे चतुर्थीच्या दोन दिवस आधी नाही, महिनाभर आधी पोचायला हवं.

पाठवायचं काय आणि कसं?

इथे बरीच चांगली गाणी मार खातात.

पहिली गोष्ट, स्वच्छ आवृत्ती. मालवणी आणि शिव्या यांचं नातं जगजाहीर आहे. ते गाण्यात शोभतंही. पण खासगी एफएमलाही आकाशवाणीची कार्यक्रम संहिता लागू असते. अश्लील शब्द, बदनामी, धार्मिक तेढ यात अडकलं की स्टेशनचा परवाना धोक्यात येतो. शिवाय २०२२ च्या अखेरीस माहिती व प्रसारण मंत्रालयाने एफएम वाहिन्यांना दारू, ड्रग्ज, हत्यारं आणि गुंडगिरीचं उदात्तीकरण करणारी गाणी वाजवू नका, अशी सूचना दिली. म्हणून एक आवृत्ती युट्यूबसाठी आणि एक रेडिओसाठी करावी. शिवीच्या जागी नुसता 'बीप' टाकला तर ओळ लंगडी होते. तिथे दुसरा शब्द लिहिलेला बरा.

राजकीय टीका करूच नये, असा याचा अर्थ नाही. रॅपचं ते कामच आहे. पण २०२३ मध्ये महाराष्ट्रात राजकीय रॅप गाण्यांवरून पोलिसांत गुन्हे नोंदवले गेले होते. अशी गाणी रेडिओ उचलत नाही, ती इंटरनेटवर चालतात. कुठलं गाणं कुठे न्यायचं, हे आधीच ठरवलेलं बरं.

दुसरी गोष्ट, लांबी. तीन मिनिटांच्या आसपास. सुरुवातीचा मिनिटभराचा धूर, लाटांचा आवाज, मित्रांची नावं हे सगळं व्हिडिओत ठेवा. रेडिओच्या आवृत्तीत पंधरा-वीस सेकंदांत मुखडा कानावर पडायला हवा.

तिसरी गोष्ट, आवाज. रेडिओ स्टेशनकडचं यंत्र प्रत्येक गाणं आणखी दाबून मोठं करतं. आधीच ठासून मोठं केलेलं गाणं तिथे फाटतं. आणि सिग्नल कमजोर झाला की एफएम मोनो होतं. कोकणातल्या घाटात, वळणावर हे रोजचं. म्हणून गाणं एकदा एका स्पीकरवर, साध्या मोबाईलवर ऐकून बघा. शब्द कळतात का? बोलीतल्या रॅपमध्ये शब्दच गेले तर उरतं काय?

चौथी गोष्ट, माहिती. व्हॉट्सअॅपवरून आलेली दाबलेली फाइल कुणी वाजवत नाही. डब्ल्यूएव्ही फाइल, गाण्याचं नाव, गीतकार, बीट बनवणारा, हक्क कुणाकडे, आयएसआरसी क्रमांक आणि मालवणी शब्दांचा मराठीत दोन ओळींचा अर्थ. हे सगळं एका मेलमध्ये हवं. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा बारा अक्षरांचा ओळख क्रमांक. गाणं डिजिटल वितरकाकडून टाकताना तो मिळतो.

नावातही गंमत आहे. शिरोडा नावाचं गाव गोव्यातही आहे, फोंडा तालुक्यात. नुसतं 'शिरोडा' असा हॅशटॅग टाकला तर निम्मे लोक तिकडच्या कामाक्षीच्या देवळात पोचतील. 'शिरोडा वेंगुर्ला', 'मालवणी रॅप' असं स्पष्ट लिहिणं आणि 'मालवणी'चं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी एकच ठेवणं, हे फुकटातलं मार्केटिंग आहे.

वाजलं तर पैसे मिळतात का?

मिळू शकतात, पण न मागता कुणी देत नाही.

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. रॅपर हा गीतकार असतो, बीट बनवणारा संगीतकार. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात जो बदल झाला त्यानुसार गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. हा वाटा गोळा करून वाटण्याचं काम आयपीआरएस ही संस्था करते. त्यासाठी तिचं सभासद व्हावं लागतं आणि आपली गाणी तिथे नोंदवावी लागतात. गाणं नोंदवलेलं नसेल तर ते वाजलं तरी हिशोबात तुमचं नाव कुठून येणार?

सगळ्यात मोठा खड्डा बीटचा. युट्यूबवर 'फ्री बीट' लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा पैसे न कमावण्याच्या अटीवर फुकट असतं. स्वस्तातल्या परवान्यातही किती वेळा ऐकलं जाईल, रेडिओवर चालेल का, याच्या मर्यादा असतात. गाणं चाललं की नेमका तेव्हाच दावा येतो आणि गाणं उतरतं. म्हणून बीट ओळखीच्या माणसाकडून बनवून घ्यावं आणि अर्ध्या पानाचा का होईना, कागद करावा.

लेबलशी करार करताना तर चष्मा लावूनच वाचावं. 'एन्जॉय एंजामी' एवढं गाजलं, तरी संगीतकार संतोष नारायणन यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्या गाण्यातून आपल्याला पैसे मिळालेले नाहीत. लेबलने आपली बाजू वेगळी मांडली. वाद कुणाचाही खरा असो, धडा एकच: गाणं गाजणं आणि खिशात पैसे येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग श्रोते कुठून आणायचे?

मालवणी ऐकणारे एका जागी नाहीत. काही वाडीत आहेत, काही मुंबई-ठाण्यात, काही गोव्यात नोकरीला, काही आखातात. खासगी एफएमला हेच जमत नाही, कारण त्याची रेंज शहरापुरती. मोबाईलला रेंजचा प्रश्न नाही.

२०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं आणि काही आठवड्यांत रील्स आलं. तेव्हापासून गाण्याचा प्रवास उलटा झालाय. आधी पंधरा सेकंदांचा तुकडा पसरतो, मग लोक पूर्ण गाणं शोधतात, मग रेडिओ येतो. पण तो तुकडा दुसऱ्यांना वापरता आला पाहिजे. मुंबईहून गावाला निघालेल्या माणसाला एसटीच्या खिडकीतून काढलेल्या व्हिडिओवर लावता येईल, आंबे उतरवताना लावता येईल, मासळीच्या लिलावावर लावता येईल, अशी एखादी ओळ गाण्यात आहे का? मग हजारो लोक तुमचं काम फुकटात करतील.

दुसरा रस्ता जमिनीवरचा. कोकणात वर्षाचं कॅलेंडर ठरलेलं आहे. गणपती, दिवाळीनंतर जत्रा, मग शिमगा, मेमध्ये चाकरमानी. जत्रेत दशावतार बघायला जमलेली गर्दी शहरातल्या कुठल्याही क्लबपेक्षा मोठी असते. मंडळाच्या कार्यक्रमात, क्रिकेटच्या टुर्नामेंटमध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दहा मिनिटं मागितली तर मिळतात. आणि मालवणी पब्लिक लाजेकाजेस्तव टाळ्या वाजवत नाही. तिथे टिकलेलं गाणं कुठेही टिकतं.

तिसरं म्हणजे एकट्याने न करणं. स्वदेसी असो की धारावीचा डोपॅडेलिक्स, दोन्ही गट आहेत. एक लिहितो, एक बीट करतो, एक कॅमेरा धरतो, एक मेल पाठवतो. सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळ, मालवण मिळून पाच-सहा जण एकत्र आले तर महिन्याला एक गाणं सहज निघतं. आणि "मालवणी रॅपर्सचा गट" ही रेडिओसाठी, वर्तमानपत्रासाठी बातमी होते. एकट्याचं एक गाणं बातमी होत नाही.

थोडक्यात, क्रम असा

आधी बोलीतलं पक्कं गाणं आणि स्वच्छ कागद. मग मोबाईलवरचे आणि जत्रेतले श्रोते. मग आकाशवाणी आणि कम्युनिटी रेडिओ, जिथे बोलीला मान आहे. शेवटी खासगी एफएम, जिथे गाजलेल्या गाण्याला मान आहे. बहुतेक पोरं हा क्रम उलटा लावतात. पहिलंच गाणं मुंबईच्या मोठ्या स्टेशनला पाठवतात, उत्तर येत नाही आणि "मालवणी चालत नाही" म्हणून दुसरं गाणं हिंदीत करतात.

हिंदीत किंवा इंग्रजीत रॅप करण्यात चूक काहीच नाही. पण तिथे देशभरातली पोरं रांगेत आहेत. मालवणीत रांग छोटी आहे आणि सांगायच्या गोष्टी ढिगाने आहेत. शिरोड्याच्या मिठागरांवर, रेडीच्या खाणीवर, वर्षातले अकरा महिने कुलूप असलेल्या घरांवर रॅप लिहायला न्यूयॉर्कहून किंवा धारावीतून कुणी येणार नाही. ते इथल्याच कुणीतरी लिहायचं आहे.

तुमच्या ओळखीत असं कुणी मालवणीत किंवा आपल्या बोलीत रॅप करत असेल, तर हा लेख त्याला नक्की पाठवा.